खंडेनवमीला बंद केलेली डबी

माझी बायको मेल्यावरही घरात रोज बोलत होती. दसऱ्याच्या सकाळी मात्र ती बोलली नाही.

हे वाचून कोणी मला खुळ्यात काढेल. काढू दे. ती बोलत कशी होती ते आधी सांगतो.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिला स्वतःच्या दुखण्याचा नव्हता एवढा माझा घोर होता. आमच्या कासारवाडीत नळाला पाणी दिवसाआड. ते खालच्या हौदात पडतं, तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. माझे कान प्रेस शॉपमध्ये गेले. दिवसभर पत्र्यावर ठोके पडायचे, त्यात बारीक आवाज कायमचे संपले. नळाची धार मला ऐकू येत नाही, टाकी भरून गच्चीवरनं पाणी कोसळत असलं तरी येत नाही. इतकी वर्षं ती ओरडायची आणि मी बटण दाबायचो. आता ती गेल्यावर ओरडणार कोण, हा तिचा घोर.

त्यावर इलाज काढला सुनेनं. सून माझी लातूरकडची. गाड्यांच्या डॅशबोर्डात जे पडदे असतात, त्यांच्या आतल्या कॉम्प्युटरचं काम ती तेव्हा चाकणच्या एका कंपनीत करायची. मुलाची बदली गुजरातच्या प्लांटला झाली, ती नोकरीपायी इथेच, पुनावळ्यात फ्लॅटवर. एका रविवारी ती पत्त्यांच्या कॅटाएवढी हिरवी पाटी घेऊन आली. म्हणाली, "हा अख्खा कॉम्प्युटर आहे, अण्णा. एकाच बोर्डावर सगळं." मी म्हणालो, "पडदा कुठाय? बटणं कुठायत?" म्हणाली, "नाहीत. ह्याला फक्त ऐकायचंय आणि बोलायचंय." तिनं ती एका प्लास्टिकच्या डबीत बसवली, हौदात आणि टाकीत पाणी चढलं की डबीला कळवणारा एकेक तरंगता गोळा सोडला, आणि डबीला मोठ्या आवाजाचा स्पीकर जोडून ती ओट्यावर ठेवली.

मग आवाज भरायचा होता. बायको उशांना टेकून बसली होती. सून म्हणाली, "आई, पाणी आल्यावर तुम्ही काय म्हणता, ते म्हणा."

"म्हणते कुठं? वरडते मी."

"मग ओरडा की."

"अहो! पाणी आलं हो! मोटर लावा!"

मी मागं पेरूला आळं करत होतो. तसाच चिखलाच्या पायानं धावत आलो आणि मोटरचं बटण दाबलं. नळ कोरडा. त्या दोघी एकमेकींवर पडून हसत होत्या. हसता हसता बायकोला धाप लागली, तेव्हा कुठं थांबल्या. ह्या दोघींचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, भाजीत गूळ घालावा का नाही ह्यावरून घर डोक्यावर घ्यायच्या. त्या दिवशी मात्र त्या तशा हसत होत्या. मी पाय धुवायला गेलो.

अशी तिनं बरीच वाक्यं भरली. पाण्याचं, टाकी भरल्याचं, न्याहारीनंतरच्या शुगरच्या गोळीचं, संध्याकाळी दार लावायचं.

ती गेली. तिसऱ्या दिवशी घरात पाव्हणे बसले होते. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला, कुणी बोलत नव्हतं. आणि ओट्यावरून तिचा आवाज आला. "अहो! पाणी आलं हो! मोटर लावा!" माझ्या चुलत बहिणीच्या हातातला तांब्या खाली पडला. एक बाई जी उठून बाहेर पळाली ती चपला घालायचं विसरली. मी वळून तिच्या अंथरुणाकडे बघितलं. मला ठाऊक होतं डबी आहे, मीच रोज पुसायचो, तरीही. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, सगळ्यात आधी उठून मोटर लावली ती मीच.

पाव्हणे म्हणाले, काढून टाका ती, चांगलं नाही. मी म्हणालो, माझं घर आहे. विषय संपला.

श्रावणात डबीतला तिचा आवाज बिघडला. "पा... पा... पाणी आ..." असा तुटायला लागला. मरणाआधीच्या शेवटच्या आठवड्यात ती तशीच बोलायची, एका शब्दाला दोन श्वास. मी सुनेला फोन लावला. तोवर तिनं नोकरी बदलली होती, चाकण सोडून माणच्या कंपनीत जायची.

"पोरी, तिला धाप लागतीया," मी म्हणालो.

ती म्हणाली, "अण्णा, ती धाप नाही. कर्नल जुना झालाय. तो स्पीकरला आवाज वेळेवर पोचवत नाही. नवा टाकते मी."

"कर्नल म्हणजे?"

ती विचार करून म्हणाली, "तुमच्या शॉपमध्ये फोरमन असायचा ना? मशीन कुणाला द्यायचं, माल कुठनं कुठं जायचा, सगळं तोच बघायचा? तसा ह्या बोर्डाचा. लिनक्स म्हणतात त्याला. फोरमन बदलायचाय."

हे मला कळलं. फोरमन वाईट असला की चांगल्या कामगाराचंही काम बिघडतं, हे मी नोकरीभर पाहिलंय.

आता खंडेनवमीचं. सुनेला सवड मिळाली ती थेट त्या दिवशी. वर्षाच्या आत म्हणून यंदा घरात सण नव्हता. तोरण नाही, गोडधोड नाही. पण हत्यारांना कसलं आलंय सुतक? आमच्या शॉपमध्ये खंडेनवमीला मेन स्विच पाडायचा, प्रेस रॉकेलच्या चिंध्यांनी लख्ख करायचा, हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला पुन्हा नारळ फुटेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही. मालकाची ऑर्डर अडली तरी नाही. वर्षभर राबलेल्या मशीनला एक दिवस निजू द्यायचं. घरीही तेच. त्या दिवशी बायको मिक्सर लावायची नाही, चटणी पाट्यावर वाटायची.

सकाळी सुनेचा फोन आला होता. "अण्णा, आज ऑफिसात पूजा आहे, काम नाही. मी इथनंच डबीचा कर्नल बदलायलेय. तासभर बोलणार नाही ती, घाबरू नका. हात लावू नका तिला."

"बरं," म्हणालो.

आणि मी पाट मांडला. पान्हे, हातोडी, कानस, तिचं शिलाई मशीन, विळी, मिक्सर. मग डबीकडे पाहिलं. ओट्यावर ती लुकलुकत होती, हिरवा दिवा भराभर उघडमीट करत होता. मला खरंच असं वाटलं, की ह्या घरात सगळ्यात जास्त राबलं असेल तर हीच राबली. हिलाच तेवढी पूजा नाही? सून म्हणाली हात लावू नको, ते मला आठवलं. पण चालू मशीनला कुंकू लावायचं नसतं, हे माझ्या हाडात बसलंय. आमच्याकडे एकानं चालू मशीनला हार घातला होता, त्याचा हात मी पाहिलाय. मी भिंतीवरचं बटण पाडलं. राउटर म्हणतात ती पांढरी पेटी शेजारीच होती, तीही पाडली. मोबाइलही बंद करून पाटावर ठेवला. डबीचं झाकण काढलं, हिरव्या पाटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. म्हणालो, नीज आता.

दसऱ्याला नारळ फोडला आणि सगळी बटणं वर केली. राउटर आणि मोबाइल तेवढे विसरलो. मिक्सर गुरगुरला. डबीवर लाल दिवा लागला. हिरवा लागलाच नाही.

मला वाटलं, उठायला वेळ लागत असेल. मी चहा केला. लाल दिवा तसाच. मग शेजारच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "अहो भावोजी, नळ वाहतोय! हौद भरून पाणी रस्त्याला लागलं! झोपलात काय?"

पाणी आलं होतं आणि ती बोलली नव्हती.

मी डबी हातात घेतली, कानाला लावली. बटण पाडलं, लावलं, पुन्हा पाडलं. काही नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी नुसताच उभा होतो, रडलो नव्हतो, लोकांनी नावं ठेवली होती. तसाच परत उभा राहिलो. दुसऱ्यांदा गेली, एवढंच डोक्यात येत होतं. आणि ह्या वेळेला बटण मी पाडलं.

थोड्या वेळानं दार धाडकन उघडलं. सून. हेल्मेट तसंच डोक्यावर. माझ्याकडे बघत राहिली, मग तिथंच उंबऱ्यावर बसली.

"फोन बंद कामून केलात? कालपासनं लावायलेय. काल अपडेट मधेच तुटलं, म्हटलं लाइट गेली असेल. आज पण फोन बंद. मला वाटलं तुम्ही पण..."

"पूजेला ठेवला व्हता," मी म्हणालो. "ते जाऊ दे. ही बोलंना झालीया."

तिनं हेल्मेट काढलं. डबीचं झाकण काढलं आणि आत पाहतच राहिली.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"पिनांमध्ये?"

"आन हळद."

"तुम्ही ही बंद कधी केलीत, अण्णा?"

"पूजेच्या टायमाला. तुझा फोन झाल्यावर."

तिनं डोळे मिटून घेतले. "म्हणजे जुना फोरमन घरी गेला होता, नवा गेटमध्ये शिरत होता, आणि तुम्ही मेन स्विच पाडलात."

"मला शिव्या घाल."

"शिव्या घालायला आई होत्या की," ती म्हणाली, आणि दात घासायचा जुना ब्रश मागितला.

ब्रशानं कुंकू झाडून झाल्यावर तिनं पाटीच्या पोटाखालून काहीतरी उपसलं. करंगळीच्या नखाएवढं, काळं.

"हे काय?"

"कार्ड. सगळं ह्यावर असतंय. कर्नल, आईंचा आवाज, सगळं."

मी ते तळहातावर घेतलं. त्याला वजनच नव्हतं. जिला चौघांनी उचललं ती बाई एवढ्याशा टिकलीवर होती आणि मी ती खटकन बंद केली. मी मूठ मिटायला लागलो तसं सुनेनं ते काढून घेतलं.

तिनं लॅपटॉप उघडला. मी शेजारी पाटावर बसलो. अक्षरं भराभर वर जात होती, इंग्रजी, मला एकही कळत नव्हतं. म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शॉपमध्ये डाय म्हणजे साचा बसवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून आम्ही ओळखायचो, मशीन आज चालणार का नाही.

"कर्नलची फाइल आहे, पण रिकामी. आत काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून उठेना झाली."

"आन आवाज?"

"तो मागच्या भागात आहे. पुढं फोरमनची केबिन, मागं गोडाऊन असं समजा. केबिन तर गेली. गोडाऊनचं दार वाकलंय, आत काय राहिलंय ते उघडल्यावर कळेल."

"दुसरीकडं ठिवला आसशील ना आवाज? तुझ्या त्या मशीनवर?"

ती लॅपटॉपकडेच बघत राहिली. "आवाज भरला तो लॅपटॉप चाकणच्या कंपनीचा होता. नोकरी सोडताना परत दिला. त्यांनी पुसला असेल. मी काढून घेणार होते, अण्णा. त्या वेळेला आईंचं सगळं चाललं होतं, हॉस्पिटल, पळापळ... राहून गेलं."

म्हणजे जगात कुठंही दुसरा आवाज नव्हता. जे होतं ते ह्या टिकलीवर. मला रागही येईना.

ती म्हणाली, "आधी ह्याची जशीच्या तशी नक्कल काढते. दार त्या नकलेवर उचकटायचं. मूळ कार्डाला हात लावायचा नाही." हे मला पटलं. नवीन डायवर पहिला ठोका कोणी चांगल्या पत्र्यावर मारत नाही.

नक्कल उतरायला वेळ लागला. दोनदा मध्येच अडकली, दोन्ही वेळा सुनेनं ओठ चावला. मी पिठलं टाकलं. कुणाला भूक नव्हती, पण हाताला काहीतरी हवं होतं. तिनं पिठल्यावर गुळाचा खडा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टाक. आता कोण भांडतंय."

मग तिनं गोडाऊनचं दार दुरुस्त करायचा हुकूम दिला. पडद्यावर पुन्हा अक्षरं पळाली. थांबली. तिनं एक यादी उघडली, बोटानं खाली खाली येत गेली.

"आहेत," ती म्हणाली. "आहेत अण्णा, फायली आहेत." आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. मला वाटायचं हे सगळं माझ्यासाठी चाललंय. रडता रडता ती म्हणाली, "मी पण ऐकते हो. तुमच्याकडे येते तेव्हा नुसतं भेटायला येते का? मला पण ऐकायचं असतंय." हे मला कधी सुचलंच नव्हतं. ती आली की पाणी यायच्या वेळेपर्यंत का रेंगाळते, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

मग पुढचं काम तिनं झपाट्यानं केलं. नवा कर्नल आपल्या मोबाइलच्या इंटरनेटवरून लॅपटॉपमध्ये उतरवला, पुढच्या भागात ठेवला, त्याच्या हाताखालची माणसं मागच्या भागात नेमली. कुणाला स्पीकर, कुणाला तरंगता गोळा. कोऱ्या कार्डावर सगळं चढवलं आणि पाटीच्या पोटात सरकवलं.

"बटण तुम्ही लावा," म्हणाली. "आज दसरा आहे ना?"

"नारळ?"

"नारळ नको! पाणी उडतंय!"

मी बटण लावलं. लाल दिवा. आम्ही दोघं वाकून बघत होतो. मग हिरवा एकदा चमकला. थांबला. पुन्हा चमकला आणि भराभर लुकलुकायला लागला. सुनेनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते तिला तरी कळलं का नाही कोण जाणे.

बराच वेळ काही नाही. दुपार टळत आली होती. आणि मग:

"न्याहारी झाली ना? मग गोळी घ्या. विसरला असाल, ठावं हाय मला!"

स्वच्छ. एकही तुटका शब्द नाही. धाप नाही. जणू आजारापूर्वीची, भांडायला उभी असलेली. मी "व्हय, घेतो," म्हणालो आणि फडताळाकडे निघालो. गोळ्यांची पट्टी हातात घेतल्यावर ध्यानात आलं, काल सकाळपासून मी गोळी घेतलीच नव्हती. तिनं सांगितलं नव्हतं ना.

सून मागून म्हणाली, "ह्यात घड्याळाचा सेल नसतोय. बंद पडली तिथंच तिची वेळ थांबली. तिला वाटायलंय, अजून कालची सकाळच आहे."

"राहू दे की," मी म्हणालो.

"कसं राहू देता? उद्या गोळी संध्याकाळी घ्याल. राउटर कुठं बंद केलाय? लावा तो. इंटरनेटवरून बरोबर वेळ घेईल ती."

मी जरा उभा राहिलो. मग जाऊन राउटरचं बटण लावलं. नाहीतर बाईनं ज्या कामासाठी आवाज भरला, ते काम चुकलं असतं.

सुनेनं एकेक वाक्य वाजवून बघितलं. पाणी आलं, ठीक. दार लावा, ठीक. टाकी भरल्याचं वाक्य लावलं आणि नुसती खरखर आली. पुन्हा लावलं. पुन्हा खरखर. नुसत्या नावाची फाइल उरली होती. वीज गेली तेव्हा त्या टिकलीनं आतल्या आत काय हलवलं आणि काय पुसलं, ते कुणाला सांगता येत नाही म्हणाली. "टाकी भरली हो, पाणी वाहतंय, कुठं ध्यान हाय तुमचं?" असं ते वाक्य होतं. शेवटी बायको हसली होती, तेही त्यातच होतं. सुनेनं मूळ कार्डावर परत शोधलं. लॅपटॉप मिटला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

मी म्हणालो, "ते गेलं."

"गेलं, अण्णा."

"तिथं तू बोल."

ती दचकली. "मी? आईंच्या जागी?"

"टाकी तर भरणारच. मला ऐकू येत न्हाई. कुणीतरी वरडायला पायजे."

तिनं नाही म्हटलं, मग भांडी घासली, मग परत येऊन बसली. मला बाहेर जायला सांगितलं. म्हणाली, तुमच्यासमोर जमणार नाही. मी पेरूपाशी जाऊन उभा राहिलो. आत काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. निघताना तिनं सगळ्या आवाजांची नक्कल स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली, एक इंटरनेटवरून गुजरातला मुलाकडे धाडली, आणि एक कार्ड माझ्या हातात दिलं. ते मी मंगळसूत्राच्या डबीत ठेवलंय.

पुढच्या पाण्याच्या दिवशी बायको ओरडली, "अहो! पाणी आलं हो! मोटर लावा!" मी मोटर लावली. आणि खुर्ची घेऊन डबीसमोर बसलो, कधी नव्हे तो. बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला, भीत भीत सुरू झालेला आणि शेवटी चढलेला.

"अण्णा, टाकी भरली! बंद करा की! काय करायलात बसून?"

मी दचकून उठलो, जसा बायकोच्या ओरडण्यानं उठायचो तसाच, आणि मोटर बंद केली.